किट एका जहाजाचं, मॉडेल दुसऱ्याचं : ‘एजॅक्स’ची ‘दिल्ली’ कशी होते?

‘बिस्मार्क’, ‘यामातो’, ‘हूड’ यांची प्लॅस्टिक किट्स ऑनलाइन सहज दिसतात. पण आपल्या नौदलाची जुनी क्रूझर ‘दिल्ली’ हवी असेल तर? अशा वेळी कन्व्हर्जन कामाला येतं. म्हणजे जवळच्या जहाजाचं किट घ्यायचं आणि फरक आहे तेवढाच भाग कापून, भरून नव्याने बनवायचा.

हे जमतं, कारण युद्धनौका ‘क्लास’नुसार बांधतात. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल : क्लास एक, ऑब्जेक्ट्स अनेक. ब्रिटिश लिअँडर क्लासमध्ये ‘एजॅक्स’ही होती आणि ‘अकिलीझ’ही. १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत दोघी जर्मन ‘ग्राफ श्पे’शी लढल्या. पुढे जुलै १९४८ मध्ये ‘अकिलीझ’ भारताकडे आली आणि ‘दिल्ली’ झाली. एअरफिक्सचं किट आहे ‘एजॅक्स’चं, १/६०० स्केलमध्ये. याच किटमधून ऑस्ट्रेलियाची ‘सिडनी’ करायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो सुधारित लिअँडर क्लास, त्याला धुराडी दोन, इथे एकच. म्हणजे अर्धं जहाज नव्याने बांधावं लागेल.

पहिला प्रश्न ‘कोणतं जहाज’ हा नाही, ‘कोणत्या वर्षाचं जहाज’ हा आहे. इथेच मी आपटलो. १९३९ चे फोटो समोर ठेवून चारही टरेट चिकटवली, वर ‘दिल्ली’ म्हणून रंगवलंही. आमच्या बिल्डिंगमधले नौदलातून रिटायर झालेले आजोबा बघून म्हणाले, “अरे, मागचं हे वरचं टरेट कुठून आणलंस? आमच्या दिल्लीला तीनच होती.”

बरोबर होतं त्यांचं. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ बॉम्ब पडून ‘अकिलीझ’चं एक्स टरेट गेलं. पोर्ट्समथच्या दुरुस्तीत तिथे विमानविरोधी पॉम-पॉम तोफा आल्या, डोलकाठ्या तीन पायांच्या झाल्या, एकनळी ४ इंची तोफांच्या जागी जुळ्या बसल्या. विमान उडवायचं कॅटापल्टही गेलं. भारतात आली ती ही ‘अकिलीझ’, १९३९ ची नाही.

मी टरेट उपटायला गेलो आणि डेक तडकला. कारण पॉलिस्टायरीनचा सिमेंट नुसता चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग वितळवून एकजीव करतो. इथे अनडू नाही! म्हणून आधी सगळं कोरडं जुळवून बघा, फोटो काढा, मगच सिमेंट. टरेटची रिकामी जागा प्लॅस्टिक शीटची चकती आणि पुट्टीने भरा, रात्रभर वाळू द्या, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

मापं फोनवर काढता येतात. जहाज साधारण १६९ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २८.२ सेंटीमीटर. अगदी बाजूने काढलेला फोटो घ्या. त्यात जहाज १६९० पिक्सेल भरलं, तर १ पिक्सेल म्हणजे १० सेंटीमीटर. एखादा भाग ३०० पिक्सेल उंच दिसला, तर तो ३० मीटर. मॉडेलवर ५ सेंटीमीटर. तिरक्या फोटोवर हे गणित चालत नाही. आणि नुसतं ‘आयएनएस दिल्ली’ सर्च केलंत तर १९९७ ची विनाशिका येते, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. ती वेगळी.

डोलकाठीच्या पायांना पितळी तार सगळ्यात बरी. दोऱ्यांसाठी किटचीच उरलेली प्लॅस्टिक काडी मेणबत्तीजवळ मऊ करून ताणा, केसासारखा धागा निघतो. (खिडकी उघडी ठेवा.) पॉम-पॉम थ्रीडी प्रिंट करणार असाल तर रेझिन प्रिंटरच वापरा. साध्या फिलामेंट प्रिंटरचा ०.२ मिलिमीटरचा थर या स्केलला १२ सेंटीमीटरची पायरी होतो.

‘दिल्ली’ने १९६१ मध्ये दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या आणि १९७८ मध्ये ती मुंबईत मोडीत निघाली. तिचं वाय टरेट मात्र भारताने न्यूझीलंडला भेट दिलं. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर ते उभं आहे. टरेटच्या बारीक तपशिलांसाठी मी त्याचेच फोटो वापरतो.