विद्यापीठाचा उंबरठा आणि आपली मुले

जून महिना लागला की आपल्या वस्तीत दुसरा विषय नसतो. बारावीचे मार्क, सीईटीचा निकाल, पहिली यादी, दुसरी यादी. संध्याकाळी वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर आईवडील थांबतात आणि आम्हाला विचारतात, "सर, आमच्या वेळेला पन्नास टक्क्यांना कॉलेज मिळत होतं. पोरीला पंच्याऐंशी पडले तरी यादीत नाव नाही, हे काय गौडबंगाल आहे?" विहाराची अभ्यासिका चालवताना हा प्रश्न आम्ही दरवर्षी ऐकतो. पायरीवर उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे मागे जाऊन ते मांडत आहोत.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे निघाली. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली, त्यात रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे असे चौघेजण. म्हणजे गर्दी कसली म्हणता! पण विद्यापीठ निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने नाव घालायला सांगितले तर त्याला नकार मिळाला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत आणि तिथून विलायतेपर्यंत गेले. सरकारी शाळा सगळ्या जातींना खुल्या, असे धोरण पुढे कागदावर आले. वर्गात बसायला मात्र आपल्या माणसाला आणखी कैक वर्षे लागली. त्या काळात चढाओढ नव्हती याचे कारण हेच, की रांगेत उभे राहण्याचीच परवानगी मूठभरांना होती.

बाबासाहेबांची गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते, पण तिच्यातला एक आकडा आपण पोरांना सांगत नाही. १९०७ साली ते एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ मार्क मिळाले होते. हिशेब करून पहा, अडतीस टक्केसुद्धा भरत नाहीत. तरी त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. पुढे सयाजीराव महाराजांकडून दरमहा पंचवीस रुपये सुरू झाले आणि त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण झाले.

आम्ही हा आकडा अभ्यासिकेत सांगितला की मुले एकमेकांकडे बघून हसतात. एकाने तर विचारले, "मग बाबासाहेबांना आज कुठं ॲडमिशन मिळाली असती?" प्रश्न आगाऊ वाटेल, पण खरा आहे. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाच होती. पास झाला तो विद्यापीठात शिकायला पात्र झाला, विषय संपला. तुम्ही कितवे आलात, हे कोणी विचारत नव्हते. भिंती दुसरीकडे होत्या. शाळेत ते फळ्याकडे निघाले तर फळ्यामागे ठेवलेले डबे इतर मुलांनी धावत जाऊन बाजूला काढले. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारशी घ्यावी लागली. कॉलेजच्या हॉटेलवाल्याने चहा नाही, पाणीसुद्धा दिले नाही. या भिंती ओलांडून मिळवलेले २८२ मार्क आहेत ते. आजचा मार्क हा रांगेतला नंबर झाला आहे. पुढे किती जण उभे आहेत त्यावर तो ठरतो, आणि पुढे उभ्या असलेल्यांनी कोणत्या भिंती ओलांडल्या, हे त्यात कुठेच लिहिलेले नसते.

दार उघडले म्हणजे काम झाले, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह सुरू केले. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्यावर चर्चा झाली, तेव्हा विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांचे प्रतिनिधी हवेत, हा मुद्दा त्यांनी लावून धरला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघाले, तिथे सकाळचे वर्ग होते, नोकरी करून शिकता यायचे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठच नव्हते. ते १९५८ साली झाले, आणि त्याच्या दारावर बाबासाहेबांचे नाव लागावे असा ठराव विधिमंडळात १९७८ साली होऊनसुद्धा नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. सोळा वर्षे! त्या काळात कोणाकोणाची घरे जळाली, हे मराठवाड्यातून इथे आलेल्या आपल्या कुटुंबांना आम्ही सांगायला नको.

आता राखीव जागांचे पाहू. राखीव जागा म्हटले की लोकांना नोकऱ्या आठवतात, पण राज्यघटनेची पहिली दुरुस्ती झाली त्यामागे कॉलेजच्या प्रवेशाचे भांडण होते. मद्रास सरकारने मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या जागा जातवार वाटून दिल्या होत्या. चंपकम दोराईराजन खटल्यात १९५१ साली सुप्रीम कोर्टाने तो आदेश रद्द केला. त्याच वर्षी घटनेत पंधराव्या कलमाला चौथे पोटकलम जोडले गेले. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. आज आपली मुलगी सरकारी मेडिकलच्या राखीव जागेवर बसते ती त्या पोटकलमाच्या आधारावर.

यापुढचा भाग नीट लक्षात घ्यावा, कारण इथे आपल्या समाजाचे फार नुकसान झाले आहे. १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली. पण अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा जो आदेश होता, त्यात हिंदू असण्याची अट होती. शीख बांधवांचा समावेश त्यात १९५६ साली झाला, आपला झाला नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि राज्य सरकारने नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या. त्यामुळे राज्याच्या मेडिकल, इंजिनिअरिंग कॉलेजांत आपली मुले जाऊ लागली. केंद्राच्या दारात मात्र आपण कोणीच नव्हतो. आयआयटीमध्ये अनुसूचित जातींच्या राखीव जागा १९७३ पासून आल्या, त्या बौद्ध म्हणून अर्ज करणाऱ्याला लागू नव्हत्या. ही अडचण १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा सुटली. म्हणजे चौतीस वर्षे गेली. या चौतीस वर्षांत किती बापांनी पोराच्या दाखल्यावर काय लिहायचे म्हणून रात्री जागवल्या असतील! 'बौद्ध' लिहावे तर केंद्राची वाट बंद, 'हिंदू महार' लिहावे तर दीक्षाभूमीवर घेतलेल्या प्रतिज्ञांचे काय? आज म्हातारे झालेल्या त्या पिढीला आपण नावे ठेवतो, की यांनी कागदावर धर्म लिहिला नाही. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याच्या पोराची सीट जाणार होती, त्याने काय करावे हे आज पंख्याखाली बसून सांगणे सोपे आहे.

बरे, दार उघडले, सवलत मिळाली, मग गर्दी कशाने वाढली? पहिले कारण आनंदाचेच आहे. शिकणारे वाढले. ज्या घरात सातवी पास हा कौतुकाचा विषय होता, तिथली नात बारावी सायन्सला आहे. आपल्याच घरात नाही, कुणबी, माळी, धनगर, मुसलमान, सगळ्यांच्या घरात. मुली आल्या. खेड्यापाड्यातली मुले आली. विद्यापीठे वाढली, अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली अशी एकेक होत गेली. पण बी.ए.ला कुठे मारामारी आहे? उलट कितीतरी कॉलेजांत बाके रिकामी असतात. आडगावच्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांतही गेल्या काही वर्षांत जागा रिकाम्या राहिल्या. तेव्हा जागा नाहीत असे नाही. चांगली, सरकारी, कमी फीची आणि पुढे नोकरी मिळवून देणारी जागा थोडी आहे, आणि सगळा महाराष्ट्र तिच्यासाठी धावतो आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा एकदम वाढल्या, कर्नाटकात जाऊन डोनेशन भरणारी पोरे इथेच राहिली. पण तिथे दाराशी फीचा गल्ला आला. कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा राज्याला चारच वर्षांत करावा लागला, यावरून काय चालले होते ते कळते. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने खाजगी कॉलेजांत गुणवत्तेच्या जागा आणि पैसे भरून घ्यायच्या जागा असे वेगळे केले, २००२ साली ते मोडीत निघाले. विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारने राखीव जागा लादू नयेत असे २००५ साली कोर्टाने म्हटले, मग संसदेने पुन्हा घटना दुरुस्त केली. हे लचांड वकिलांना चांगले समजते. आपण एवढेच लक्षात ठेवायचे, की सरकारी जागा हळूहळू वाढल्या आणि फीच्या जागा धडाधड वाढल्या, म्हणून सरकारी जागेची किंमत मार्कांत वाढली.

मग परीक्षा बदलल्या. बोर्डाचे मार्क मागे पडून सीईटी आली. मेडिकलला २०१३ साली नीट आली, त्याच वर्षी कोर्टाने रद्द केली, २०१६ साली परत आली. २०२४ साली तेवीस लाखांवर मुले नीटला बसली. देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या सरकारी कॉलेजांतल्या साधारण निम्म्या. त्या वर्षी पेपरफुटीचे आणि वाढीव मार्कांचे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेच. आता गंमत पहा. शाळेत जे शिकवतात त्यावर परीक्षा नाही, क्लासमध्ये जे शिकवतात त्यावर आहे. कोणी लातूरला खोली करतो, कोणी कोट्याला पाठवतो. आपल्यातले दोन पगारांचे घर ते करू शकते. नाक्यावर उभा राहणारा बाप काय करणार? आपल्या तेरा टक्के जागांतसुद्धा आता साहेबांची पोरे आणि नाका कामगारांची पोरे एकाच यादीत असतात, आणि तीही यादी वर्षावर्षाला वर सरकते. हे बोललेले काहींना आवडणार नाही, पण विहारात नाही बोलायचे तर कुठे बोलायचे?

शेवटी कागदाचे. जातीच्या दाखल्याची पडताळणी ज्या निकालातून आली तो १९९४ सालचा माधुरी पाटील खटला मेडिकलच्या प्रवेशाचाच होता. खोट्या दाखल्यावर खऱ्याची जागा जाऊ नये म्हणून समित्या आल्या, २००१ पासून राज्याचा कायदा लागू झाला. हेतू चांगला, पण घाम फुटतो तो खऱ्यालाच. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. आजोबांचा शाळेचा दाखला आणा. अहो, आजोबांना शाळेत घेतले असते तर!

आपल्याच गल्लीतल्या एका मुलीचे सांगतो. तिला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या फेरीत जागा लागली. व्हॅलिडिटी नव्हती. वडिलांच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध'. चुलते एसटीने गावी गेले, तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये चार खेपा झाल्या. कोतवाल बुकात पणजोबांची नोंद सापडली तर ती मोडीत. मोडी वाचणारा शोधला, त्याच्याकडून लिप्यंतर करून घेतले. सोबत महार वतनाच्या जमिनीचा एक जुना फेरफार मिळाला. ज्या वतनाच्या गुलामीतून सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात बिल आणले, त्याच वतनाचा कागद आज पणतीच्या कामाला आला! पण या सगळ्यात दीड महिना गेला आणि फेरी संपली. तिने खाजगी कॉलेज घेतले. फीची सवलत नंतर मिळाली, तरी सुरुवातीचे पैसे भरायला आईची बोरमाळ गेली.

तिच्या दोन चुलत भावांना त्याच कागदांवर आणि तिच्या व्हॅलिडिटीवर पुढच्या दोन वर्षांत प्रमाणपत्रे मिळाली. कारण वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या एकाची पडताळणी झालेली असली की पुढच्यांचे काम सोपे होते. म्हणून अकरावीला सायन्स घेतले की त्याच वर्षी अर्ज करा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. सरकार कधी मुदत वाढवते, कधी वाढवत नाही.

त्या मुलीने आपल्या फाईलची झेरॉक्स अभ्यासिकेला दिली आहे. कोणता कागद कुठल्या कचेरीत मिळाला, हे तिने प्रत्येक पानावर पेन्सिलीने लिहिले आहे. मोडी वाचून देणाऱ्या गृहस्थांचा पत्ताही त्यात आहे. फाईल विहाराच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात ठेवली आहे. किल्ली रविवारी दहा ते बारा आमच्याकडे असते.