कारवानाची सहा पिल्ले

चिंचोळी एमआयडीसीत माझ्या मामूंचे लहानसे वर्कशॉप आहे. रात्रीच्या राखणीसाठी त्यांनी पाच वर्षांपूर्वी एक कारवानी कुत्री पाळली. यंदा ती व्याली आणि सहा पिल्ले झाली. बापही ओळखीच्या एका शेतकऱ्याचा जातिवंत कारवानी. पिल्ले दीड महिन्यांची झाली तेव्हा मामूंचा फोन आला, "बेटा, तू इतिहास लिहितोस ना? मग यांना घरं शोधून दे."

या दोन गोष्टींचा संबंध काय, असे मला तेव्हा वाटले होते.

कारवानी म्हणजे लांबट तोंडाचा, खोल छातीचा, कमरेला बारीक असा कुत्रा. तो वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. दूरवर काही हलले की धावत सुटतो. सोलापूर, लातूर, विजापूर या पट्ट्यात त्याला कारवानी म्हणतात. कान-शेपटीवर लांब केस असतील तर पश्मी. ही दोन्ही नावे फारसी आहेत. 'कारवान' म्हणजे तांडा, काफिला, आणि 'पश्म' म्हणजे लोकर. बहमनी काळात दाभोळ, चौल या बंदरांत अरबस्तान आणि इराणचे घोडे उतरत. महमूद गवान 1453 साली गिलानहून आला तो व्यापारी म्हणूनच, आणि दाभोळलाच उतरला. या रहदारीतून दख्खनच्या बोलीत जसे शेकडो शब्द आले, तशीच या कुत्र्याची नावेही आली. अरबांचा सलुकी आणि इराण-अफगाणिस्तानचा ताझी हे त्याचे भाऊबंद दिसतात.

पण हा कुत्रा टिकला तो मराठा घराण्यामुळे. मुधोळचे घोरपडे हे आधी बहमनी आणि नंतर आदिलशाही दरबारचे सरदार. त्याच घराण्यातले मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेडर शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली, निवडून त्यांची पैदास वाढवली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना जोडी भेट दिल्याचे सांगतात. तेव्हापासून कर्नाटकात हाच कुत्रा मुधोळ हाउंड झाला. टपाल खात्याने 2005 साली त्याच्यावर तिकीट काढले ते याच नावाने. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र त्याला कारवान हाउंड म्हणते. फारसी नाव, बेडरांची राखण, मराठा राजाची पैदास. ज्याला आपण आज 'शुद्ध जात' म्हणतो, ती एवढ्या हातांतून घडली आहे.

पिल्लांची बातमी पसरताच फोन येऊ लागले. 2016 साली लष्कराने मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचे नाव घेतले. त्यामुळे आता हा कुत्रा प्रतिष्ठेचा झाला आहे. काहींचा पहिला प्रश्न, "पेपर आहेत का?" काहींचा, "ससा धरेल ना?" दुसरा प्रश्न मला जास्त टोचला. या कुत्र्याचे शतकानुशतकांचे काम शिकार हेच होते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम गुन्हा आहे. सोलापूरजवळच नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. त्या माळावर काळवीट आहे, लांडगा आहे. अशा माळाच्या कडेला शिकारी कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला पिल्लू देणे म्हणजे त्या गुन्ह्यात भागीदारी करणे. असे चार जण मी परत पाठवले.

तिसरा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातला. "घरात कुत्रा? रहमतचे फरिश्ते येत नाहीत." अम्मीही हेच म्हणाली. मी वाद घातला नाही. हदीसमध्ये ती ताकीद आहे, हे खरेच. पण त्याच हदीसच्या संग्रहांत शिकार, गुरे आणि शेतीच्या राखणीसाठी कुत्रा पाळण्याची मुभाही आहे. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांनी आपल्यासाठी धरून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. गुहेतल्या तरुणांच्या उंबऱ्यावर बसलेला कुत्रा कुरआनातच आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकलेली असते. दहाव्या शतकाच्या आसपास बगदादच्या इब्न अल-मर्झुबानने तर कपडे घालणाऱ्या पुष्कळ जणांपेक्षा कुत्रे श्रेष्ठ, अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. अकबर देशोदेशींचे कुत्रे मागवत असे, काबूलकडचे विशेष, हे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त नोंदले आहे. कुत्रा आणि मुसलमान म्हणजे फक्त हाकलणे, एवढाच आपला इतिहास नाही.

अम्मीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग शेत शोध. घर नको." तिचे बरोबर होते. या कुत्र्याला फ्लॅट नकोच, धावायला जागा हवी.

पैशांवरून मात्र मामूंचे आणि माझे जुंपले. लोक पिल्लामागे हजारो रुपये द्यायला तयार होते. मामू ऐकेनात. मी म्हणालो, फुकट दिलेल्या वस्तूची किंमत राहत नाही. ते म्हणाले, "विकलं की मग विचारायचा हक्क जातो." मला एकदम अरबस्तानातले बद्दू आठवले. तंबूत सलुकीला जागा असे. त्याची पिल्ले विकायची नाहीत, मानाने भेट द्यायची, अशी त्यांची रीत सांगतात. मालोजीरावांनीही भेटच दिली होती. भेट देणारा आधी माणूस बघतो. मामूंनी माझ्यातल्या इतिहासवाल्याला हे काम का दिले, ते मला तेव्हा कळले.

मग आम्ही अटी ठरवल्या. पिल्लू दोन महिन्यांचे झाल्यावरच आईपासून न्यायचे. लसी पूर्ण करायच्या, रेबीजचीसुद्धा. दिवसभर साखळीत ठेवायचे नाही. शिकार नाही. आणि सांभाळणे जमले नाही तर रस्त्यावर सोडायचे नाही, चिंचोळीला परत आणायचे.

दोन पिल्ले मोहोळ तालुक्यातल्या दोन शेतांवर गेली. एक बार्शीकडच्या डाळिंबाच्या बागेत, एक मामूंच्या मशिदीतल्या दोस्ताच्या गोठ्यावर. आईसारखी तपकिरी एक मादी मामूंनीच ठेवून घेतली. सहावे पिल्लू मी शहरातल्या एका कुटुंबाला दिले. माणसे चांगली होती, पण घर तिसऱ्या मजल्यावर. ती चूक माझी. नवव्या दिवशी ते स्वतः त्याला घेऊन आले. मुलगी रडत होती. अट पाळली म्हणून मामूंनी तिला चहा-बिस्किटे दिली आणि रविवारी भेटायला ये म्हणाले.

ते पिल्लू सध्या वर्कशॉपमध्ये आहे. समोर पुणे-सोलापूर हायवे, दिवसरात्र ट्रक, आणि हलणारे काहीही दिसले की धावायचा त्याचा जन्मजात स्वभाव. म्हणून फाटक कायम बंद ठेवावे लागते. जवळपास कुणाचे तारेचे कुंपण घातलेले शेत असेल, तर मामू आधी चहा पाजतील आणि मग पुष्कळ प्रश्न विचारतील. पैसे घेणार नाहीत.