गेट आणि एमबीए सीईटी: परीक्षेच्या वेळी घड्याळ आणि मन कसे सांभाळावे?

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांच्यामुळे सातारा-सांगली भागात एम.टेक.ची स्वप्ने पाहणारी मुले-मुली बऱ्याच पिढ्यांपासून आहेत. त्यांच्यासाठी गेट ही वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत होणारी परीक्षा असते. गेटमधून पात्र ठरून एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर केंद्राच्या योजनेतून दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते. पुण्यात किंवा मुंबईत राहून शिकायचे असेल, तर शेतकरी घरातल्या मुलासाठी ही रक्कम लहान नाही. मॅनेजमेंटकडे जाणाऱ्यांसाठी हेच महत्त्व राज्य सीईटी कक्षाच्या एमबीए सीईटीला आहे.

दोन्ही परीक्षा संगणकावर होतात. पण वेळेच्या बाबतीत त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत, आणि एकीची सवय दुसरीत नेली की घोटाळा होतो. हॉलमध्ये जी घाबरगुंडी उडते, तिचे एक मोठे कारण म्हणजे "आता हा प्रश्न सोडू की धरू?" हा निर्णय ऐनवेळी घ्यावा लागणे. तो नियम घरीच ठरवून गेलात, तर हॉलमध्ये फक्त पाळायचा उरतो.

गेटचे गणित

गेटमध्ये १८० मिनिटांत ६५ प्रश्न आणि १०० गुण असतात. सर्वसाधारणपणे त्यातले ३० प्रश्न एका गुणाचे आणि ३५ प्रश्न दोन गुणांचे. म्हणजे एका गुणाला पावणेदोन मिनिटांपेक्षा किंचित जास्त वेळ मिळतो. दोन गुणांच्या गणितावर साडेतीन मिनिटे गेली तर ते रास्तच आहे. पण एका गुणाच्या प्रश्नावर सहा मिनिटे गेली, तर तुम्ही दुसऱ्या प्रश्नांचे पैसे इथे खर्च करत आहात.

प्रत्येक प्रश्नामागे घड्याळ बघणे मात्र टाळा, त्यानेच धाप लागते. त्याऐवजी तीन टप्पे ठरवा. पडद्यावरचे घड्याळ उलटे चालते, उरलेला वेळ दाखवते, म्हणून टप्पेही उरलेल्या मिनिटांत लक्षात ठेवा: १०५, ३५ आणि १०. घड्याळ १०५ वर येईपर्यंत सगळा पेपर एकदा नजरेखालून गेलेला असावा आणि बघताक्षणी येणारे प्रश्न सुटलेले असावेत. तिथून ३५ पर्यंत लांबलचक पण ओळखीचे प्रश्न. मग जे अर्धवट राहिले ते. शेवटच्या १० मिनिटांत नवीन काही सुरू करायचे नाही, फक्त एकके, दशांश चिन्हे आणि भरायची राहिलेली उत्तरे तपासायची. हे आकडे म्हणजे काही शास्त्र नव्हे. दोन-तीन सराव पेपर देऊन तुमच्या वेगाप्रमाणे ते बदला.

पहिल्या फेरीत बरेच प्रश्न सुटणार नाहीत. हे आधीच ठाऊक असेल, तर सातव्या प्रश्नाला "आपले काही खरे नाही" असे वाटत नाही.

आता चुकीच्या उत्तराचा दंड. चार पर्यायांपैकी एकच बरोबर असलेल्या एका गुणाच्या प्रश्नात चूक झाली तर एकतृतीयांश गुण कापला जातो, दोन गुणांच्या प्रश्नात दोनतृतीयांश. हिशेब केला तर डोळे झाकून ठोकलेल्या उत्तरातून सरासरी शून्यच हाती लागते: चारांत एकदा एक गुण मिळतो, तीनदा एकतृतीयांश जातो. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर पारडे थोडे तुमच्याकडे झुकते, आणि दोन बाद झाले तर चांगलेच झुकते. म्हणून नियम असा: एकही पर्याय बाद होत नसेल तर सोडा, दोन होत असतील तर उत्तर द्या. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या आणि आकडा भरायच्या प्रश्नांना दंड नाही. ते कोरे ठेवून कुणाचे भले होत नाही.

एमबीए सीईटीत उलटे

इथे १५० मिनिटांत २०० प्रश्न अशी रचना राहिली आहे, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. चुकीला दंड नाही. सगळे सोडवून होणे अपेक्षितच नसते, आणि ही गोष्ट मनाला आधी पटवून द्यावी लागते. वर्गात नेहमी पहिला येणारा विद्यार्थी इथे जास्त अडखळतो, कारण प्रश्न सोडून पुढे जाण्याची त्याला सवयच नसते. तर्कावरच्या बैठकव्यवस्थेच्या कोड्यात दोन मिनिटांत आकृती उभी राहिली नाही, तर अख्खा संच सोडा. शेवटची पाच मिनिटे मात्र राखून ठेवा. एका प्रश्नाला पाच सेकंद धरले तरी ४० कोऱ्या प्रश्नांवर काहीतरी खूण करायला तीन-साडेतीन मिनिटे लागतात. अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचा, स्वरूप बदलू शकते.

संगणकाची एक खोड

गेटच्या सूचनांमध्ये ही गोष्ट लिहिलेली असते आणि घाईत ती वाचायची राहते. पर्याय निवडून तुम्ही उजवीकडच्या तक्त्यातल्या दुसऱ्या प्रश्नक्रमांकावर थेट क्लिक केले, तर आधीचे उत्तर जतन होत नाही. "सेव्ह अँड नेक्स्ट" दाबावेच लागते. उत्तर देऊन "मार्क फॉर रिव्ह्यू" केले असेल, तर गेटमध्ये ते उत्तर तपासले जाते, त्यामुळे ते पुन्हा उघडायला वेळ मिळाला नाही तरी चिंता नको. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा माउसने चालवावा लागतो आणि तो हातातल्यापेक्षा बराच संथ असतो. घरी सराव करतानाही तोच वापरा.

छातीत धडधडू लागले तर

थोडी धडधड वाईट नाही, तिने लक्ष टोकदार होते. अडचण होते ती चिंतेचे विचार डोक्यात फिरू लागले की. आकडेमोड करताना मधले आकडे जिथे धरून ठेवायचे, ती मनातली जागाच हे विचार अडवून बसतात. मग सोपी बेरीजही दोनदा करावी लागते. अशा वेळी पेन खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. असे सहा वेळा केले की एक मिनिट होते. श्वास सावकाश सोडल्याने हृदयाचा वेग उतरायला मदत होते. त्यानंतर त्याच प्रश्नाकडे परत जाऊ नका, एखादा सोपा प्रश्न घ्या.

परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढली की गुण वाढतात, असे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडले होते. तो सल्ला खूप पसरला. २०१८ मध्ये त्यांचा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. लिहून बरे वाटत असेल तर लिहा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

केंद्रापर्यंतचा रस्ता

सातारा आणि सांगली ही दोन्ही गेटची परीक्षा शहरे राहिली आहेत. तरी तुम्हाला मिळालेले केंद्र ॲडमिट कार्डावरच पाहा, पसंतीचे शहर मिळेलच असे नाही. पहिले सत्र सकाळी साडेनऊला सुरू होते आणि त्याच्या बरेच आधी पोचावे लागते. जत, आटपाडी किंवा माण-खटावहून पहाटेची एसटी धरून हे जमवणे अवघडच. त्यात फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांचा हंगाम. उसाच्या ट्रॉल्यांमागे एकदा गाडी अडकली की वीस मिनिटे कुठे जातात कळत नाही. सातारा-कोल्हापूर महामार्गावर रुंदीकरणाची कामेही बरीच वर्षे चालली आहेत. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच नातेवाइकांकडे किंवा मित्राच्या खोलीवर मुक्कामाला जा, आणि उजेड आहे तोवर केंद्राचे फाटक बघून या.

दुपारचे सत्र अडीचला असते. तेव्हा जेवण साधे आणि थोडे कमी ठेवा. सकाळीच पेपर देऊन आलेल्या मित्राशी चर्चा करू नका, त्याचा पेपर वेगळा होता. दोन पेपर देणाऱ्यांनी तर मधल्या वेळात उत्तरे जुळवत बसूच नये. आपण भरलेल्या उत्तरांची प्रत आणि उत्तरतालिका नंतर पोर्टलवर येते, आणि एखाद्या उत्तरावर आक्षेप असेल तर तो शुल्क भरून ठरलेल्या मुदतीत नोंदवता येतो.