‘संधी मिळूनही’ या दोन शब्दांमागची जात

वाचता न येणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच नावे मिळाली. शाळाच मिळाली नाही तो अडाणी, आणि शाळेत जाऊनही वाचता आले नाही तो मठ्ठ. तिसरे नाव, डिस्लेक्सिया, फार उशिरा आले आणि ठरावीक घरांच्या दारापर्यंत येऊन थांबले. आमच्या वस्त्यांमधल्या तिशी-चाळिशीच्या माणसांपर्यंत ते का पोहोचले नाही, हे समजून घ्यायचे तर या नावाचा इतिहासच उलगडावा लागतो.

१८७७ मध्ये कुसमाउल या जर्मन वैद्याने ‘शब्दांधत्व’ ही संज्ञा वापरली. १८८० च्या दशकात स्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी डिस्लेक्सिया हा शब्द दिला. हे दोघे बोलत होते ते मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढांबद्दल. जन्मतःच ही अडचण असलेल्या मुलाची नोंद इंग्लंडमध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ मध्ये केली. चौदा वर्षांचा पर्सी नावाचा मुलगा. शिकवणे सगळे तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. पर्सीला सातव्या वर्षापासून शिक्षक लाभले होते. तरीही वाचता येईना, म्हणून डॉक्टरांनी कारण दुसरीकडे शोधले. शिक्षकच लाभले नसते, तर शोधले असते का?

१९६८ मध्ये जागतिक न्यूरॉलॉजी संघटनेने व्याख्या केली. रूढ पद्धतीने शिकवूनही, पुरेशी बुद्धी आणि सामाजिक-सांस्कृतिक संधी असूनही वाचन न येणे म्हणजे डिस्लेक्सिया. अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने तर आर्थिक, सांस्कृतिक वंचिततेतून प्रामुख्याने येणारी अडचण अध्ययन अक्षमतेतून स्पष्टपणे वगळली. वरवर पाहता यात चूक काही नाही. पण व्यवहारात याचा अर्थ काय होतो? ज्याच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे त्याला वाचता आले नाही तर डॉक्टर. ज्याच्या घरी कपाट नाही त्याला वाचता आले नाही तर ‘घरचे वातावरणच तसे’. गरिबाला डिस्लेक्सिया असू शकतो, ही शक्यता व्याख्येनेच अवघड करून ठेवली. आणि आमच्या देशात गरिबीला जात चिकटलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या महापुरुषांचा लढा संधीचा होता. जोतीराव-सावित्रीमाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, १८५५ मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून. शिकणाऱ्याच्या सोयीने शाळा वळवायची, ही दृष्टी त्यात आहे. पुढे सरकारी साक्षरता मोहिमा आल्या. १९५९ मध्ये साताऱ्याची ग्रामशिक्षण मोहीम, १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चे साक्षरता अभियान. त्यांनी मोठे काम केले, हे मान्य करायलाच हवे. पण गृहीत एकच होते: वाचता येत नाही म्हणजे शिकवले गेले नाही. शिकवूनही अक्षरे हातून निसटणारा माणूस वर्ग सोडून गेला की रजिस्टरमध्ये ‘गळती’ लिहिली जाई. त्याने घरी जाऊन मात्र ‘आपल्याला डोकंच नाही’ असा निकाल स्वतःविरुद्ध लिहिलेला असे.

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, हा विषय काढू नका, ‘यांच्या मेंदूतच खोट’ म्हणायला विरोधकांना निमित्त मिळेल. आम्हाला हे पटत नाही. डिस्लेक्सिया जात बघून होत नाही आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. लेखी परीक्षेच्या गुणांनाच ‘मेरिट’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. वाचता न येणाऱ्या प्रत्येकाला डिस्लेक्सिया चिकटवला की बंद पडलेली शाळा आणि गैरहजर गुरुजी आपोआप निर्दोष सुटतात.

बौद्ध परंपरेत चुल्लपंथकाची कथा आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून सख्ख्या भावाने त्याला संघ सोडून जायला सांगितले. भगवंतांनी गाथा बाजूला ठेवली आणि त्याच्या हाती एक स्वच्छ फडका दिला. फडका चोळता चोळता मळत गेला, आणि त्याला अनित्यता उमगली. त्याला डिस्लेक्सिया होता असे म्हणण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. आम्ही पद्धत बदलण्याबद्दल बोलतो आहोत.

पद्धत उपलब्ध आहे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत ती घडवली: ध्वनी आणि अक्षर यांची जोडी एकेक करून, क्रमाने, डोळा, कान आणि हात एकाच वेळी वापरून. प्रौढांनाही तिचा उपयोग होतो. मराठीत एक सोय आहे, अक्षर आणि उच्चार बहुतांशी जुळतात. पण ‘कि’मधली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते, ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि बोलताना आधी येतो. चुका कमी झाल्या तरी गती मंद राहते ती अशा ठिकाणी अडखळून. विहारातल्या आमच्या रात्रवर्गात सातवीपर्यंत शिकलेले एक सफाई कामगार येतात. पगाराची पावती मुलीकडून वाचून घेत. आम्ही बाराखडी घोकणे बंद केले. रोज वीस मिनिटे, एकच मात्रा, ताटातल्या रव्यात बोटाने गिरवत मोठ्याने म्हणायची. मग मोठ्या टाइपातला मजकूर, ओळीखाली पट्टी, आणि तोच मजकूर मोबाइलवर ऐकत वाचायचा. आठ महिन्यांनी ते पावती वाचतात. सावकाश वाचतात, पण कपात कशाची झाली हे मुकादमाला स्वतः विचारतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, आणि त्याच्या व्याख्येत वंचिततेचे ते वगळणे नाही. म्हणजे कायद्याचे दार उघडे आहे. पण मराठीत उपलब्ध असलेली ‘डाली’ ही चाचणी पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम सध्या चालू आहे. त्याच्या प्रत्येक केंद्रावर, वर्ग सोडून गेलेल्याच्या घरी जाऊन ‘अक्षरे कुठे अडतात’ हे विचारणारा एक प्रशिक्षित माणूस हवा आणि प्रौढांसाठी मराठीत चाचणी हवी, ही आमची मागणी आहे.