जावाचे वचन आणि शेलचे दार

१/ १९७९ साली बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत स्टीफन बॉर्न यांचा शेल आला. आज्ञांची मालिका फाइलीत लिहून एकदम चालवायची, ही शेल स्क्रिप्टची रीत त्याने रुजवली.

२/ १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सची जावा अवतरली. वचन होते: एकदा लिहा, कुठेही चालवा. तरीही पहिल्याच आवृत्तीतील ‘एक्झेक’ या मेथडने शेलकडे जाणारे दार उघडे ठेवले. जुन्या स्क्रिप्ट टाकून देणे परवडणारे नव्हते.

३/ किंमत मोठी होती. युनिक्सची स्क्रिप्ट बोलावणारा प्रोग्राम विंडोजवर अडे. स्क्रिप्टचे आउटपुट न वाचल्यास बफर भरे आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत खोळंबत.

४/ २००४ च्या ‘प्रोसेसबिल्डर’ने हाताळणी सुकर केली, वचनाला गेलेला तडा मात्र सांधला गेला नाही.