ब्लेअर मेन : रग्बीपटू सेनानी

लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट ब्लेअर मेन यांचा जन्म ११ जानेवारी १९१५ रोजी आयर्लंडमधील न्यूटाउनार्ड्स येथे झाला. व्यवसायाने वकील असलेले धिप्पाड मेन आयर्लंडतर्फे ६ आंतरराष्ट्रीय रग्बी सामने खेळले. १९३८ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात ब्रिटिश लायन्सकडून ते तिन्ही कसोटी सामन्यांत उतरले.

दुसऱ्या महायुद्धाने ही कारकीर्द थांबविली. नव्याने उभारलेल्या 'स्पेशल एअर सर्व्हिस'मध्ये दाखल होऊन त्यांनी उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या धावपट्ट्यांवर रात्री छापे घातले व उभी विमाने नष्ट केली. संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग १९४३ मध्ये शत्रूच्या हाती सापडल्यावर नेतृत्वाची धुरा मेन यांच्याकडे आली.

एप्रिल १९४५ मध्ये जर्मनीतील ओल्डेनबर्गनजीक माऱ्यात अडकलेल्या जखमी सहकाऱ्यांना त्यांनी जिवावर उदार होऊन सोडविले. या पराक्रमासाठी 'व्हिक्टोरिया क्रॉस'ची शिफारस झाली. पदरी पडली ती चौथ्यांदा 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर'. १४ डिसेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. हा अन्याय दूर व्हावा, अशी मागणी २००५ मध्ये शंभरहून अधिक ब्रिटिश खासदारांनी केली; मात्र सरकारने ती मान्य केली नाही.