कळमन्याहून स्लोव्हेनियाचा बेत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कळमन्यात नोव्हेंबर म्हणजे संत्र्याचा महिना. आंबिया बहाराचा माल घेऊन काटोल-नरखेडकडच्या गाड्या पहाटेपासून बाजाराच्या आवारात लागतात, लिलाव होतात आणि दुपारी अडतीच्या गाद्यांवर जरा शांतता येते. अशाच एका दुपारी आम्ही चार कुटुंबांतली सात-आठ माणसं शेजारच्या शेठजींच्या गादीवर जमलो होतो. शेठजींनी एक जुनी हिशेबपट्टी उलटी केली आणि तिच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं, 'युरोप, आठ दिवस.'

मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक. 2020 साली आम्ही मंडळी 'दहा दिवसांत सात देश' अशा एका सहलीला निघणार होतो. करोना आला आणि तो बेत तिथंच राहिला. त्यानंतर वयं वाढली, गुडघे कुरकुरू लागले. तेव्हा या वेळी ठरवलं की देश एकच पाहायचा. पण तो लहान असावा, शांत असावा आणि तिथं झाडं-पाणी भरपूर असावं. शेठजींच्या नातीनं नाव सुचवलं, स्लोव्हेनिया.

नाव ऐकून निम्मी मंडळी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, आपल्या पिढीनं शाळेत ज्याला युगोस्लाव्हिया म्हणून घोकलं, त्याचाच हा एक तुकडा. नेहरू, नासर आणि टिटो यांची 1956 मधली ब्रियोनीची भेट आपण अलिप्ततेच्या धड्यात वाचली, तो टिटोंचा देश. 25 जून 1991 रोजी स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं, दहा दिवस लढाई झाली आणि हा देश वेगळा झाला. 2004 मध्ये तो युरोपीय संघात गेला, 2007 मध्ये तिथं युरो हे चलन आलं.

देश केवढा? सुमारे वीस हजार चौरस किलोमीटर. आपल्या नागपूर जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट, विदर्भाच्या एक-पंचमांश. लोकसंख्या एकवीस लाखांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत एकट्या नागपूर शहराची चोवीस लाख होती. आणि या एवढ्याशा देशाची निम्म्याहून अधिक जमीन जंगलाखाली आहे. शेठजी म्हणाले, "जंगलच पाहायचं तर ताडोबा काय वाईट आहे गुरुजी?"

प्रश्न योग्य होता. ताडोबा आपलंच आहे आणि 1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे. पण स्लोव्हेनियातल्या जंगलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्रिग्लाव हा तिथला सर्वांत उंच डोंगर, 2864 मीटरचा. राष्ट्रध्वजावरही तोच आहे. त्याच्या कुशीतल्या तळ्यांच्या खोऱ्याला 1924 मध्येच संरक्षण मिळालं. 1961 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1981 मध्ये ते वाढवून आजच्या आकाराचं केलं गेलं. पिण्याच्या पाण्याचा हक्क या देशानं 2016 मध्ये राज्यघटनेत घातला. मधमाश्यांचं तर विचारूच नका. अठराव्या शतकात आंतोन यान्शा नावाचा तिथला एक मधपाळ व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवीत होता. 20 मे हा जागतिक मधमाशी दिन संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला तो याच देशाच्या प्रस्तावावरून. ही हिरवाई आपोआप उरलेली नाही, ती ठरवून राखलेली आहे. हे पाहायला जायला काय हरकत आहे?

बेत आकार घेऊ लागला. राजधानी ल्युब्लियानात मुक्काम. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर ब्लेडचं तळं. मध्ये बेट, बेटावर चर्च आणि चर्चला जायला 99 पायऱ्या. गुडघ्यांनी लगेच हरकत घेतली. मग बोहिनचं मोठं तळं. मग पोस्तोयनाची गुहा. तिथं 1872 पासून गुहेच्या आत रूळ आहेत. सुरुवातीला पर्यटकांच्या डब्या वाटाडेच ढकलत असत. आता विजेवर गाडी चालते, म्हणजे गुडघ्यांची सोय झाली. व्हिसा शेंगेनचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. उतरायला व्हेनिस किंवा व्हिएन्ना बरं. महिना मे.

हे सगळं लिहून होईपर्यंत माझी पत्नी गप्प होती. तिनं शेठजींच्या नातीकडून नकाशा मागून घेतला आणि विचारलं, "अहो, यात सेनिओ नदी कुठं आहे?"

सेनिओ स्लोव्हेनियात नाही. ती शेजारच्या इटलीत आहे. पण हा प्रश्न तिला का पडला, ते मला माहीत होतं.

पत्नीचं माहेर साताऱ्याकडचं. तिचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. परत आले, शेती केली, म्हातारे होऊन गेले. त्यांच्या पेटीत एक सहा टोकांचं पितळी पदक होतं, 'इटली स्टार'. लढाईबद्दल ते बोलत नसत. नातवंडांनी फारच भंडावलं तर एवढंच म्हणत, "नदी लहान हुती गं, पर बांध लई उंच. रातच्याला त्यो बांध अजून दिसतोय."

मराठी माणूस युरोपात कसा गेला, याचा इतिहास मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. त्यात कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज येतात. 1870 मध्ये विलायतेचा प्रवास करून परतताना फ्लॉरेन्समध्ये, अवघ्या विशीत, त्यांचं निधन झालं. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि त्यांचं स्मारक आजही तिथल्या बागेत उभं आहे. त्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड येतात. 1960 मध्ये पुस्तकरूपानं आलेली पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' येते. आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांनी युरोप पहिल्यांदा पाहिला तो त्या पुस्तकातून. कारण परकीय चलन मिळणंच तेव्हा मुश्कील होतं. 1973 चा फेरा कायदा जाऊन 1 जून 2000 पासून फेमा आला, 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं परदेशी पैसे नेण्याची वाट आणखी मोकळी केली आणि मग कळमन्याच्या गादीवर बसून 'युरोप, आठ दिवस' असं लिहिता येऊ लागलं.

राजे, लेखक, पर्यटक. या यादीत मी एक रांग नेहमी घाईनं उरकत आलो, ती शिपायांची. खरं तर युरोपात मोठ्या संख्येनं गेलेली साधी मराठी माणसं म्हणजे हे शिपाईच. त्यांच्याकडे ना विमा, ना परतीचं तिकीट. दुसऱ्या महायुद्धात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले होते. वय बावीस. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओच्या काठी दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच बांधाच्या अलीकडे-पलीकडे कुठं तरी माझ्या पत्नीचे आजोबा होते.

शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुरुजी, मान आहे. पण आपण सुट्टीवर चाललो की लढाईवर? आमच्या हिनं चाळीस वर्षं चुलीपुढं काढली. एवढे पैसे घालून तिला स्मशानं दाखवू का?"

हेही खोटं नव्हतं. शेठाणी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनाही विश्रांतीचा हक्क होताच. मला उत्तर सुचेना. रात्री घरी येऊन मी ठरलेल्या बेतातली ठिकाणं पुन्हा एकदा वाचून काढली, इतिहासाच्या शिक्षकाच्या नजरेनं. आणि लक्षात आलं की लढाई आमच्या हिशेबपट्टीवर आधीच आलेली होती.

सोचा नदीचं नाव आम्ही यादीत घातलं होतं. पाचूसारखं हिरवं पाणी, फोटो काढायला उत्तम. पहिल्या महायुद्धात या नदीकाठी जून 1915 ते नोव्हेंबर 1917 या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या बारा लढाया झाल्या. लाखो माणसं मेली आणि जायबंदी झाली. इटालियन भाषेत या नदीला इसोंझो म्हणतात, आणि शेवटची लढाई जिथं झाली त्या कोबारीद गावाला कापोरेत्तो. हेमिंग्वेच्या 'अ फेअरवेल टू आर्म्स'मधली ती माघार इथलीच. कोबारीदमध्ये त्या युद्धाचं संग्रहालय आहे आणि 1993 मध्ये त्याला युरोप परिषदेचा पुरस्कार मिळाला.

व्रशिचची खिंडही यादीत होती. 1611 मीटर उंचीवरून जाणारा नागमोडी, देखणा रस्ता. तो रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळला आणि त्याखाली कितीतरी कैदी गाडले गेले. मागे उरलेल्या सोबत्यांनी त्यांच्यासाठी बांधलेलं लाकडी प्रार्थनाघर त्या वाटेवर आजही आहे. ही माणसंही घरापासून दूर, दुसऱ्याच्या लढाईत आलेली.

दुसऱ्या दिवशी मी हे शेठजींना सांगितलं. म्हटलं, "तुम्ही फोटो काढाल तिथंच कुणाचा तरी आजोबा पडलेला असेल. रशियातून माणसं आपल्या माणसांसाठी त्या डोंगरात येतात. आम्हाला एक दिवस द्या. बाकीचे सात तुमचे." शेठजींनी गणित विचारलं. ल्युब्लियानाहून फोर्ली मोटारीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तिथं भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे आणि ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारकही आहे. सेनिओ तिथून जवळच. एकाच शेंगेन व्हिसावर दोन्ही देश होतात, पासपोर्ट मात्र खिशात ठेवायचा. जाऊन-येऊन दोन दिवस लागतील. शेठजींनी हिशेबपट्टीवर शेवटचे दोन दिवस रेघ मारून वेगळे केले. ज्यांना यायचं ते आमच्याबरोबर इटलीत, बाकीचे बोहिनच्या तळ्याकाठी. शेठाणींनी तळंच निवडलं आणि ते अगदी योग्य केलं.

मग शेठजींनी एक गोष्ट विचारली. "तिथं ठेवायला आपली चार संत्री नेली तर? मराठी पोरं होती ना ती."

मी नियम पाहिले. बाहेरच्या देशातून युरोपीय संघात जाणाऱ्या प्रवाशाला ताजी फळं रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन एवढ्यांनाच सूट आहे. संत्र्याला नाही. संत्रा बर्फी? दुधाचे पदार्थही बंद. पत्नीनं हळूच विचारलं, गावच्या शेतातली मूठभर माती? तीही चालत नाही. रोज टनावारी संत्र्याचा लिलाव करणाऱ्या शेठजींना एक फळ नेता येऊ नये याचं फार वाईट वाटलं. पण आपलं रान जपायचं तर बाहेरून कीड येऊ द्यायची नाही, हेही त्या हिरव्या देशांच्या राखणदारीतलंच आहे. "मग नारळ घेऊ," शेठजी म्हणाले. "नारळाला सूट आहे ना?"

ती हिशेबपट्टी आता आमच्या कपाटात आहे. पुढच्या बाजूला कुणा शेतकऱ्याच्या मालाची तोलाई, हमाली आणि अडत. मागच्या बाजूला ब्लेड, बोहिन, पोस्तोयना, सोचा आणि तळाशी पत्नीच्या अक्षरात 'सेनिओ'. पासपोर्टांची मुदत तपासून झाली आहे, व्हिसाचे अर्ज व्हायचे आहेत. पत्नीनं माहेरी फोन करून भावाकडून ते पदक मागवून घेतलं. त्याची फीत पार विरली आहे. ती नवी लावावी की तशीच ठेवावी, यावर परवा तिचं आणि भावाचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. शेवटी तशीच ठेवायची ठरली.